पुढून एक, मागून छत्तीस: बाथ शहर इतकं एकसारखं दिसतं कसं?

जुलै २०२५ मध्ये आपले बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले आणि त्या रात्री आमच्या फॅमिली ग्रुपवर नुसता गुलाल. रायगड, राजगड, सिंधुदुर्ग, प्रत्येकाने आपापल्या ट्रेकचे दहा वर्षांपूर्वीचे फोटो शोधून टाकले. पण या बारांपैकी पन्हाळ्यावर लोक राहतात, घरं आहेत, दुकानं आहेत, हॉटेलं आहेत, आणि आमचा एक आतेभाऊ तिथलाच. त्याचा मेसेज दुसऱ्या दिवशी सकाळी आला. "सगळं झ्याक झालं, पण आता घराची खिडकी बदलायची तर पॅरिसला अर्ज करायचा काय?"

युनेस्कोचं मुख्यालय पॅरिसला, म्हणून हा टोमणा. हसलो सगळे, पण प्रश्न काही खोटा नव्हता. रिकामा किल्ला वारसा असतो हे कळतं, पण जिथे रोज धुणं वाळत घालतात, पोरं शाळेत जातात, गळकं छप्पर दुरुस्त करावं लागतं, अशी जागा वारसा झाली म्हणजे नक्की काय होतं?

मला लगेच बाथ आठवलं. माझी बहीण इंग्लंडात ब्रिस्टलला असते, तिथून बाथ म्हणजे ट्रेनने जेमतेम पाव तास, त्यामुळे दोन-तीनदा जाणं झालंय. हे शहर अख्खंच्या अख्खं वारसा यादीत आहे, १९८७ पासून, म्हणजे आपली घारापुरीची लेणी ज्या वर्षी गेली त्याच वर्षी. फरक इतकाच की घारापुरीच्या लेण्यात कोणी सिलेंडर मागवत नाही आणि बाथमध्ये लाखाच्या आसपास लोक राहतात, कचरा बाहेर ठेवतात, पार्किंगवरून भांडतात. तर हे शहर असं का दिसतं, ते तसंच्या तसं राहिलं कसं, आणि त्यात राहणाऱ्यांना काय पडतं, ते जरा बैजवार सांगते.

## नाव आंघोळीचं का?

बाथ म्हणजे आंघोळच, नावात काही गूढ नाही. लंडनच्या पश्चिमेला, ट्रेनने दीड तासावर. एव्हन नदी वळसा घालून जाते, भोवती टेकड्या, म्हणजे शहर परातीच्या तळाशी बसल्यासारखं. आणि या परातीच्या मध्यावर जमिनीतून गरम पाणी येतं. तीन झरे आहेत, त्यातला मोठा म्हणजे किंग्ज स्प्रिंग, पाणी साधारण ४६ अंश, रोज ११ लाख ७० हजार लिटर. आपल्या हिशोबात दहा हजार लिटरचे ११७ टँकर, रोज, आणि मे महिन्यात पण बंद नाही. लातूरकरांनी हे वाक्य सोडून पुढे जावं.

पाणी गरम कशाने होतं? ज्वालामुखी वगैरे काही नाही. जाणकारांचं साधारण म्हणणं असं की जवळच्या मेंडिप टेकड्यांवर पडलेला पाऊस चुनखडीच्या भेगांतून खाली मुरत जातो, अडीच-तीन किलोमीटर, कदाचित त्याहून खोल. जमिनीत जितकं खाली जाल तितकं गरम, किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश वाढतात, त्यामुळे तिथे पाणी आपोआप तापतं आणि मग वर यायला एक मोठी फट मिळाली की मागच्या पाण्याच्या रेट्याने वर चढतं. जुना तांब्याचा बंब आठवा, वरून गार पाणी ओतलं की नळीतून गरम बाहेर यायचं, तसंच, फक्त इथे ओतणं आणि येणं यात हजारो वर्षं जातात. आपल्या वज्रेश्वरीच्या किंवा उन्हवऱ्याच्या कुंडांमागेही ढोबळमानाने हीच भानगड आहे.

## रोमन लोकांची गाऱ्हाणी

हे पाणी आधीपासून पवित्र मानायचे, सुलिस नावाची देवी होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन आले, त्यांनी तिला हाकललं नाही, आपल्या मिनर्वाशी तिची सांगड घातली आणि सुलिस मिनर्वा असं जोडनाव केलं. गावदेवीला पुराणातल्या देवीचं नाव चिकटतं ना, तोच प्रकार. शेजारी मोठं स्नानगृह बांधलं, तळाला शिशाचे ४५ पत्रे अंथरले, ते आजही तिथेच आहेत आणि पाणी धरून आहेत.

मला तिथे सगळ्यात काय आवडलं असेल तर शिशाच्या छोट्या पट्ट्या. साधारण १३० सापडल्यात. लोक त्यावर आपली तक्रार खरवडून लिहायचे, गुंडाळी करायचे आणि झऱ्यात टाकायचे, देवीने निकाल लावावा म्हणून. तक्रारी कसल्या, तर बहुतेक चोरीच्या. कोणाचा अंगरखा गेला, कोणाचं भांडं. डोसिमेडिस नावाच्या एका माणसाचे दोन हातमोजे गेलेत आणि तो देवीला सांगतोय की चोराची बुद्धी आणि डोळे दोन्ही जाऊ देत. हातमोज्यांसाठी! चोर पुरुष असो बाई असो, गुलाम असो नाहीतर मोकळा असो, अशी सगळ्या बाजूंनी कोंडी करणारी वाक्यं आहेत, म्हणजे देवीला पळवाट नको. कोकणातल्या देवळात गाऱ्हाणं घालताना ऐकलंय का कधी, कोणी केलं असेल, कुठून केलं असेल, जाणता-अजाणता, आणि मागून सगळे "व्हय म्हाराजा"? मी त्या काचेच्या कपाटासमोर उभी राहून मनातल्या मनात व्हय म्हाराजा म्हटलं.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते. रोमन बाथचा फोटो तुम्ही पाहिला असेल, हिरवं पाणी, भोवती खांब, वर गच्चीवर पुतळे. त्यातलं खरं रोमन म्हणजे खालचं सगळं, खांबांच्या बुंध्यापर्यंत. वरचे खांब, गच्ची, पुतळे हे १९व्या शतकाच्या शेवटचं काम. आणि पाणी हिरवं कारण रोमन काळातलं छप्पर गेलं, ऊन थेट पडतं, शेवाळ धरतं. म्हणजे जगभर जो रोमन फोटो फिरतो त्यातला निम्मा रोमन नाहीच. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण बाथ पाहताना ही सवय लावून घ्यावी, जे समोर दिसतंय ते कोणी, कधी, कशासाठी लावलं हे विचारायची.

रोमन गेले, चिखल साचला, मधल्या काळात मठ आणि ॲबी, म्हणजे मठाचं मोठं चर्च, आली. सध्याची ॲबी १४९९ च्या आसपास सुरू झालेली, तिच्या दर्शनी भिंतीवर देवदूत दगडी शिड्यांवरून चढताना दाखवलेत. पंख असून शिडी कशाला, हे माझ्या भाच्याचं निरीक्षण.

## मग ती एकसारखी घरं कोणी बांधली?

आता मुख्य मुद्दा. बाथ म्हटलं की लोकांना आठवतात त्या मधाच्या रंगाच्या घरांच्या लांबच लांब रांगा. रॉयल क्रेसेंट तर अर्धचंद्रासारखी वळलेली, ३० घरं, ११४ खांब, आणि समोर हिरवळ. बघणाऱ्याला वाटतं हा राजवाडा आहे, कोणीतरी राजाने हुकूम सोडला, खजिना उघडला आणि बांधून घेतला.

तसं अजिबात नाही. ती एक बिल्डरची स्कीम होती.

१८व्या शतकाच्या सुरुवातीला बाथला गरम पाण्याचे उपचार घ्यायला श्रीमंत लोक यायला लागले. संधिवात, गाऊट, पोटाच्या तक्रारी, आणि खरं सांगायचं तर पोरींची लग्नं जमवणं आणि जुगार. सीझन असायचा, महिना-दोन महिने राहायचे. बो नॅश नावाचा एक गडी तिथे समारंभांचा सर्वेसर्वा होऊन बसला, सरकारी अधिकार फारसा काही नाही, पण त्याने नियम घातले, नाचाच्या हॉलमध्ये तलवार आणायची नाही, घोडेस्वारीचे बूट घालून यायचं नाही, रात्री अकराला बाजा बंद, आणि सरदार-दरकदार मुकाट ऐकायचे. तर या सगळ्या लोकांना भाड्याने जागा पाहिजे होत्या, चांगल्या, मिरवण्यासारख्या, आणि शहर होतं भिंतींच्या आतलं लहानसं, कोंदट.

इथे जॉन वूड आला. त्याच्याकडे मोठा पैसा नव्हता, नकाशा होता. त्याने रॉबर्ट गे नावाच्या जमीनमालकाकडून जमीन ९९ वर्षांच्या लीजवर घेतली. लीज म्हणजे आपल्याला माहितीये, जमीन त्याचीच, वापर आपला, वर्षाला ठरलेलं भाडं, मुदत संपली की वरच्या घरासकट परत. मग वूडने त्या जमिनीवर क्वीन स्क्वेअर आखला, १७२८ पासून पुढे, आणि प्लॉट पाडून ते छोट्या छोट्या बिल्डरांना दिले. हे बिल्डर कोण? गवंडी, सुतार, प्लंबर. त्यांच्याकडेही पैसा नसायचाच. गवंड्याने सुताराच्या घराचं दगडकाम करायचं, सुताराने गवंड्याची दारं-खिडक्या करायच्या, अशी फिरवाफिरवी चालायची. घर उभं राहीपर्यंत भाडं नावापुरतं, कागदावर कधीकधी "मिरीचा एक दाणा" असं लिहिलेलं. (मिरी आपल्याच किनाऱ्यावरून गेलेली असणार, तेवढीच आपली गुंतवणूक.) आणि छप्पर पडायच्या आत गिऱ्हाईक शोधून घर विकायचं, त्या पैशात पुढचं घर.

म्हणजे अंडर कन्स्ट्रक्शन बुकिंग हो, आपल्याकडे वाकड-बाणेरला चालतं तेच.

पण वूडने या सगळ्यांना एक अट घातली, आणि बाथचं सगळं बाथपण या एका अटीत आहे. पुढची भिंत माझ्या ड्रॉइंगप्रमाणे. दगड तोच, उंची तीच, खिडक्यांच्या ओळी त्याच, शेजारच्या घराला जोडून अशी की वेगळी वाटता कामा नये. बाकी आत काय करायचं ते करा. जिना कुठे, खोल्या किती, मागे किती वाढवायचं, मला विचारू नका. त्यामुळे क्वीन स्क्वेअरची उत्तरेची बाजू लांबून बघितली तर एकच महाल, मध्ये त्रिकोणी शिखर, दोन्ही टोकं जरा पुढे आलेली, आणि जवळ जाऊन दारं मोजली तर ती सात घरं. प्रत्येक भाडेकरूला वाटायचं आपण महालात राहतोय, भाडं मात्र एका घराचं. धंदेवाईक डोकं म्हणतात ते हे.

पुढे त्याने सर्कस आखली. सर्कस म्हणजे जनावरांची नाही, गोल. ३३ घरं तीन कमानदार तुकड्यांत एका गोलाभोवती. १७५४ मध्ये पाया घातला आणि काही महिन्यांतच वूड गेला, मग त्याच्या पोराने, त्याचंही नाव जॉन वूडच, ती पुरी केली आणि पुढे १७६७ ते १७७५ मध्ये रॉयल क्रेसेंट बांधली. बापाने गोल काढला, पोराने अर्धा.

## म्हणजे सगळा पुढचाच देखावा?

हो. आणि हे बघायला रॉयल क्रेसेंटच्या मागच्या गल्लीत जायचं. टुरिस्ट तिकडे फिरकत नाहीत. मी गेले कारण भाच्याला शू लागली होती आणि आम्ही वाट चुकलो, पण गेले ते बरं झालं.

पुढून ती ३० घरं म्हणजे परेडला उभे राहिलेले जवान. मागून म्हणजे तेच जवान सुट्टीवर. एक भिंत चार फूट पुढे, दुसरी मागे. एकाने मधूनच गोल सज्जा काढलाय, शेजाऱ्याने सरळसोट चौकोन. खिडक्या एका रेषेत नाहीत, पाइप वेडेवाकडे खाली उतरलेत, छपरांची उंची कमीजास्त, आणि दगडही पुढच्यासारखा घासूनपुसून बसवलेला नाही, बराचसा ओबडधोबड. प्रत्येकाने आपल्या कुटुंबाच्या आणि खिशाच्या हिशोबाने बांधलंय आणि ते लपवायची कोणाला गरज वाटलेली नाही.

कोणी म्हणेल मग हा ढोंगीपणा झाला. मला नाही तसं वाटत. रस्ता सगळ्यांचा म्हणून पुढची बाजू सगळ्यांची, परसदार ज्याचं त्याचं. आपल्या जुन्या वाड्यात पण पुढचा दरवाजा, दिंडी, ओसरी हे गावासाठी असायचं आणि मागच्या चौकात लोणच्याच्या बरण्या. उलट आजच्या आपल्या कॉलनीत बघा, पुढूनच प्रत्येकाची वेगळी काच, वेगळी ग्रिल, वेगळ्या रंगाचा पत्रा, आणि आतून सगळे फ्लॅट सारखेच, टू बीएचके, किचनला लागून ड्राय बाल्कनी. बाथच्या बरोब्बर उलटं केलंय आपण.

## आणि तो मधाचा रंग?

तो रंग दिलेला नाही, दगडाचा आहे. बाथ स्टोन. तुपात बेसन भाजताना अर्ध्यावर जो रंग येतो ना, तो. संध्याकाळचं ऊन पडलं की पूर्ण भाजलेला.

हा चुनखडीचाच प्रकार, पण त्याची घडण बघण्यासारखी आहे. भिंगातून पाहिलं तर त्यात मासळीच्या गाबोळीसारखे बारीक गोल दाणे दिसतात. सोळा-सतरा कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, कोमट समुद्र होता. शिंपल्याचा एखादा कण लाटांबरोबर तळाशी इकडून तिकडे लोळायचा आणि त्यावर चुन्याचा थर चढत जायचा. संक्रांतीचा हलवा करताना तीळ परातीत फिरवत पाक घालतो आणि त्यावर साखर चढत जाते, अगदी तसं. असे दाणे एकमेकांना चिकटून हा दगड झाला. त्यामुळे तो कुठल्याही बाजूने सारखाच कापता येतो, खाणीतून काढला की मऊ असतो, करवत चालते, आणि हवेत सुकला की कडक होतो. गवंड्याचं काम सोपं म्हणजे बिल्डरचा खर्च कमी.

खाणी होत्या राल्फ ॲलन नावाच्या माणसाच्या, शहराच्या वरच्या टेकडीवर, कूम डाउनला. हा मुळात पोस्टमास्तर, टपालाची व्यवस्था सुधारून पैसा केला आणि तो खाणीत घातला. टेकडीवरून नदीपर्यंत रुळांवरून गाडे उताराने आपोआप खाली यायचे. पण दगड काढता काढता टेकडी आतून पोकळ झाली आणि वर घरं. शेवटी २००० नंतर त्या पोकळीत फोम काँक्रीट भरून गाव सावरावं लागलं, आणि ते करताना आत राहणाऱ्या वटवाघळांसाठी जागा राखून ठेवली. वटवाघळांचं रिहॅबिलिटेशन इतकं व्यवस्थित बघून आपल्याकडच्या धरणग्रस्तांना काय वाटेल कोण जाणे.

मऊ दगडाची दुसरी बाजू अशी की कोळशाचा धूर तो पिऊन घेतो. जुने फोटो बघितले तर बाथ काळंकुट्ट आहे. आज जो मधाळ रंग दिसतो तो नंतर घासून काढलेला.

## एवढा पैसा आला कुठून?

हा प्रश्न पूर्वी फारसा विचारत नसत, आता विचारतात आणि विचारायलाच पाहिजे. शेजारचं ब्रिस्टल हे गुलामांच्या व्यापाराचं मोठं बंदर. साखरेच्या मळ्यांचे मालक, व्यापारी, त्यांच्या विधवा, सगळे सीझनला बाथला. टेकडीवर एक उंच मनोरा आहे, विल्यम बेकफर्डचा, त्याची संपत्ती जमैकातल्या गुलामांच्या घामाची. आणि आपल्याकडचाही हिस्सा आहेच, ईस्ट इंडिया कंपनीत मालामाल होऊन परतलेले लोक इथे प्रकृती सुधारायला यायचे. रॉबर्ट क्लाइव्ह, प्लासीवाला, सर्कसमध्ये राहिलेला आहे. त्यामुळे ती ११४ खांबांची रांग बघून "काय हो यांची सौंदर्यदृष्टी" म्हणताना मी जरा थांबते. दृष्टी त्यांची असेल, बिल बऱ्याच जणांनी भरलंय.

## आता अट कोण घालतं? युनेस्को?

इथे आतेभावाच्या प्रश्नाचं उत्तर. नाही. युनेस्कोला खिडकीशी घेणंदेणं नाही.

जागतिक वारसा यादी म्हणजे देशाने स्वतःहून दिलेला शब्द, की ही जागा आम्ही सांभाळू. सांभाळायचे नियम त्या देशाचे. युनेस्को फार फार तर डोळे वटारतं, अहवाल मागतं, आणि अगदीच झालं तर यादीतून नाव काढतं. असं झालंय पण. जर्मनीतल्या ड्रेस्डेनने एल्ब नदीवर नवा पूल बांधायचा हट्ट सोडला नाही, २००९ मध्ये नाव गेलं. बाथच्याच देशातलं लिव्हरपूल बंदराकाठी नवी बांधकामं केली म्हणून २०२१ मध्ये वगळलं. लोक तिथे राहतायत, पूल वापरतायत, कोणाला अटक झाली नाही.

बाथमध्ये खरी ताकद आहे ती इंग्लंडच्या "लिस्टेड इमारत" कायद्याची. लिस्टेड म्हणजे सरकारी नोंदीत महत्त्वाची म्हणून लिहिलेली इमारत. एकदा नोंद झाली की तिचं रूप बदलेल असं काही करायचं तर काउन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, लेखी परवानगी, मग बदल आतला असो की बाहेरचा, आणि न विचारता केलं तर तो चक्क गुन्हा. बाथमध्ये अशा सुमारे ५,००० इमारती आहेत, त्यातल्या सगळ्यात वरच्या दर्जाच्या त्या ग्रेड वन. वूडची अट फक्त पुढच्या भिंतीपुरती होती, हा कायदा आतल्या जिन्यालाही सोडत नाही. म्हणजे अट तीच, पण आता घरात शिरली.

पन्हाळ्याचंही साधारण असंच आहे. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढे २०० मीटर परवानगीने, हा आपला स्वतःचा केंद्राचा कायदा, २०१० पासूनचा, युनेस्कोच्या यादीत नाव जाण्याच्या कितीतरी आधीचा. त्यामुळे अर्ज पॅरिसला नाही. तो कुठे करायचा आणि किती महिने अडकतो ते आतेभावाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये.

## पिवळ्या दाराची भानगड

नियम झाले की कोणीतरी उभं राहतंच. रॉयल क्रेसेंटमध्ये २२ नंबरच्या घरात एक बाई राहायच्या. १९७०च्या दशकात त्यांनी आपलं पुढचं दार फिकट पिवळं रंगवलं. बाकी सगळ्यांची पांढरी. काउन्सिलने नोटीस काढली, दार पांढरं करा. बाई म्हणाल्या नाही करत. प्रकरण चौकशीपर्यंत गेलं, थेट मंत्र्यापर्यंत, आणि निकाल बाईंच्या बाजूने लागला, दार पिवळं राहिलं.

आता गंमत बघा. वूडच्या काळात दारं सगळी पांढरी होती असं कुठे आहे? पांढऱ्या दारांची शिस्त ही मागाहून आलेली, आणि लोकांना ती २०० वर्षं जुनी परंपरा वाटायला लागली. आपल्याकडे पण असं होतंच, काल सुरू झालेली गोष्ट परवापर्यंत "पूर्वापार" होते.

## मग लोक सुखी आहेत का तिथे?

काही आहेत, काही वैतागलेत. थंडीत त्या उंच उंच एकेरी काचेच्या खिडक्यांतून वारा शिरतो, दुहेरी काच लावायची तर परवानगीचं लफडं, म्हणून लोक आतून आणखी एक तावदान लावतात. दुरुस्तीला सिमेंट चालत नाही, चुन्याचं काम करणारा गवंडी लागतो आणि तो स्वस्त नसतो. घरांच्या किमती अशा की जे शहर चालवतात, नर्स, वेटर, बसचे ड्रायव्हर, त्यातले बरेच बाहेरून येतात. परातीच्या तळाशी शहर, त्यामुळे गाड्यांचा धूर साचतो. २०२१ मध्ये काउन्सिलने शहराच्या मध्यात येणाऱ्या जुन्या, जास्त धूर सोडणाऱ्या व्हॅन, टॅक्सी, ट्रकवर रोजचा चार्ज लावला. खाजगी गाड्यांना मात्र सूट. यावर कोणाचं काय मत असेल ते ओळखा, व्हॅनवाल्याचं एक, कारवाल्याचं दुसरं.

आणि सगळ्यात उपरोधिक म्हणजे ज्या पाण्यामुळे शहर झालं त्यात कितीतरी वर्षं कोणाला उतरताच येत नव्हतं. १९७८ मध्ये पाण्यातल्या अमिबाच्या संसर्गाने एक मुलगी गेली आणि आंघोळ बंद. नवीन बोअर घेऊन, स्वच्छ पाणी वर आणून नवीन स्पा २००६ मध्ये उघडला, तोही ठरल्यापेक्षा चार वर्षं उशिरा आणि बजेटच्या तिपटीने खर्च करून. म्हणजे हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. रोमन बाथमध्ये मात्र आजही हात बुडवू नका म्हणून पाटी आहे. प्यायचं असेल तर प्रक्रिया केलेलं कोमट पाणी तिथेच मिळतं, मी प्यायले, लोखंडी खिळे भिजत घातलेल्या पाण्यात कोणीतरी मीठ टाकावं अशी चव. बहीण म्हणाली औषध आहे, घोट घोट घे. मी एकाच घोटात संपवलं.

एक गोष्ट मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण ती आपल्या किल्ल्यांनाही लागू पडेल. एप्रिल १९४२ मध्ये जर्मन विमानांनी बाथवर बॉम्ब टाकले, ४०० हून जास्त माणसं गेली, शेकडो घरं पडली. ते शत्रूने केलं. पण त्यानंतर, १९६० आणि ७० च्या दशकांत, खुद्द काउन्सिलने रांगाच्या रांगा पाडल्या. क्रेसेंटला, सर्कसला हात लावला नाही, ती "मोठी" वास्तू. पाडली ती कामगारांची, कारागिरांची साधी घरं, त्याच काळातली, त्याच दगडाची, फक्त खांब नव्हते म्हणून. त्यांच्या जागी बेढब फ्लॅट आणि दुकानं आली, आणि लोकांनी आरडाओरडा केला तोवर बरंच गेलं होतं. ज्या गवंड्याने क्रेसेंट बांधली त्याचं घर वारसा नाही आणि ज्याने भाड्याने घेतली त्याचं आहे, असा तो हिशोब. गड वाचवायचा आणि गडाखालची वाडी उठवायची, हे आपल्याकडे होऊ नये एवढं वाटतं.

## जायचं झालं तर

क्रेसेंटला सगळेच जातात, जा, पण मग उत्तरेच्या चढावर कॅमडेन क्रेसेंट आहे तिथेही जा, दम लागेल पण जा. तीही अर्धचंद्राची रांग, १७८८ च्या सुमारास सुरू झालेली. बांधकाम चालू असतानाच पूर्वेकडची टेकडी घसरली. त्या टोकाची घरं झालीच नाहीत. थोड्याच वर्षांत, १७९३ मध्ये बाथमधल्या बँका बुडाल्या आणि शहरभर बिल्डर दिवाळखोर झाले, अर्धवट भिंती उभ्या तशाच राहिल्या. कॅमडेनचं मधलं त्रिकोणी शिखर म्हणून आज मध्यावर नाही, एका बाजूला सरकल्यासारखं दिसतं. एकीकडे रांग लांबच लांब, दुसरीकडे एकदम तोकडी. तिथल्या लोकांनी नंतर ते जुळवून घ्यायचा प्रयत्नही केलेला नाही. समोर कठड्यापाशी उभं राहिलं की खाली अख्खं शहर दिसतं, ॲबी, नदी, स्टेशन, आणि मागे वळून बघितलं की बुकिंग घेऊन अर्धवट सोडलेली स्कीम, सव्वादोनशे वर्षांपासून, ग्रेड वन लिस्टेड.